मावशीचा चौथा मुलगा

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं इथूनच ठेवलं आहे असं समज, मध्ये समुद्र आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला कसा आहे? दोन्ही बरे नसणार हे मला ठाऊक आहे, कारण तू गुडघ्याला तेल लावत नाहीस आणि वहिनी थंड पाणी सोडत नाहीत, तेव्हा त्याबद्दल आणखी काही विचारत नाही. माझी तब्येत ठीक आहे. वाफेने हातांची सालं निघतात, पण ती इथे सगळ्यांचीच निघतात.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि विषय अंगाशी आला की रेंज जातेय म्हणतोस. (खुर्चीत बसलेल्या माणसाची रेंज कशी जाते ते एकदा मला समजावून सांग.) कागदाला रेंज लागत नाही. दुसरं कारण असं, की आपल्या घरच्या कुणावरच सध्या माझा भरवसा उरलेला नाही. तू माझ्या कर्जाला जामीन आहेस, म्हणजे मी बुडाले तर तूही भिजणार, म्हणून त्यातल्या त्यात तुझ्यावर आहे. तर सरळच सांगते. तुला एक नवा मावसभाऊ झाला आहे. वय चाळिशीच्या आसपास, धंदा चष्म्याचा. तो माझ्या घरात राहतो आणि त्याला तिथून हुसकायला तू पत्र मिळताच निघायचं आहेस.

आता हा मावसभाऊ झाला कसा ते ऐक. ह्यांचा कारखाना बंद पडला आणि हप्ते थांबायची वेळ आली, तेव्हा मी दोन वर्षांच्या करारावर इथे हॉटेलच्या धुलाईखात्यात आले, एवढं तुला माहीत आहे. ह्यांना मी मागच्या गल्लीत वन्संच्या एका खोलीत ठेवलं (भाऊ त्यांचा आहे, त्यांनी थोडे दिवस सांभाळायला काय हरकत आहे) आणि घर भाड्याने द्यायचं ठरवलं. पण कर्जाच्या कागदात बँकेने एक मेख मारून ठेवली आहे, की कर्ज फिटेपर्यंत आम्हाला विचारल्याशिवाय घरात परकं माणूस ठेवायचं नाही. मी विचारायला गेले होते, उगाच खोटं कशाला बोलू. पहिल्या खिडकीने पंख्याखालच्या माणसाकडे पाठवलं, पंख्याखालचा माणूस जेवायला गेला होता, आणि तो आल्यावर म्हणाला की अर्ज द्या, मग आमचा माणूस घर बघेल, मग कदाचित व्याजाचा दर बदलेल. दर बदलेल एवढं ऐकलं आणि मी पिशवी उचलून घरी आले. दलाल म्हणाला, बाई, एवढं कशाला, नातेवाईक म्हणून ठेवा, नातेवाईक राहिला तर बँक काय करते. दलालाच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच अक्कलेचं बोलला असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

नातं कुठलं लावायचं याचा मी पूर्ण एक दिवस विचार केला. ह्यांच्याकडची सगळी मंडळी बिल्डिंगमध्ये येऊन भांडून गेलेली आहेत, त्यांना सगळे चेहऱ्याने ओळखतात. आपल्या वडिलांकडचा कुणी म्हटलं तर तो उद्या खरंच हिस्सा मागायचा. राहिली मावशी. ती लांब राहते, तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि तिच्या तिन्ही मुलांना आपल्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही. (तिच्याकडे तरी कुठे पाहिलंय.) म्हणून मी चष्मेवाल्याला मावशीचा चौथा मुलगा केला. त्याला नीट बजावलं, की कुणी विचारलं तर मी ताईंचा मावसभाऊ आहे एवढंच सांगायचं, आणि नाही विचारलं तर गप्प राहायचं. तो मान खाली घालून बरं ताई म्हणाला. मला तिथेच संशय यायला हवा होता. भाडं सांगितलं तर घासाघीस नाही, नळ गळतो सांगितलं तर मी बघतो म्हणाला, बायको नाही, मूल नाही, सामानात एक पेटी आणि अक्षरं लहान लहान होत जाणारा एक तक्ता. असा माणूस कुठे असतो का? माझ्या मते असला तर तो पोलिसांना हवा असतो.

पहिले काही महिने सगळं शिस्तीत होतं आणि माझी झोप उडाली. भाडं वेळेच्या आधी यायचं. तक्रार एक नाही. मी स्वतः फोन करून विचारलं की भिंतीला ओल आली असेल ना, तर म्हणाला आली होती ताई, मी घालवली. दुसऱ्याच्या घराची ओल कुणी स्वतःहून घालवतं का दादा? तू तुझ्या स्वतःच्या घराची घालवलेली नाहीस. मग एक दिवस समोरचीचा फोन आला. समोरची म्हणजे आमच्या दारासमोर राहते ती, जिला वर्तमानपत्राची गरज पडत नाही. ती मला विचारते, अगं, लहानपणी झाडावरून पडून तुझा पाय मोडला होता तो थंडीत दुखत नाही ना? मी म्हटलं, कुठलं झाड आणि कुठला पाय. तर म्हणे तुझ्या भावाने सांगितलं, त्यानेच नाही का तुला खांद्यावर घालून घरी आणलं. आता झाडावरून तू पडला होतास, पाय तुझा मोडला होता, आणि तुला कुणीही खांद्यावर घेतलं नव्हतं, लंगडत आलास आणि वर मार खाल्लास. पण अख्ख्या बिल्डिंगला माझं हे नवीन बालपण पाठ झालं आहे. वॉचमनसुद्धा हळहळला म्हणे.

मग चष्मे सुरू झाले. ह्यांनी व्हिडिओ कॉल केला तो काळ्या जाड काड्यांचा चष्मा लावून. मागे वन्सं उभ्या, त्यांनाही तसाच. मध्येच समोरची डोकावली, तिलाही तोच. मला वाटलं एखाद्या कचेरीत फोन लागला. म्हणे मावसभावाने डोळे तपासले आणि पैसे घेतले नाहीत. हे तर माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "तू अशी दिसतेस होय." पंचवीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर. मी फोन ठेवला. परदेशातून फोन ठेवला की पैसे वाचतात, हा एक फायदा.

पण खरा संशय चादरींनी आला. इथे मी काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. तळघरात एक लांब खोली आहे, तिथे दोन बायका एका बाजूने ओली चादर तापलेल्या रुळात घालतात आणि दोघी दुसऱ्या बाजूने इस्त्री झालेली ओढून घेतात. त्याच्या आधी प्रत्येक चादर दिव्यासमोर धरून डाग बघायचा, ते काम माझं. मी चादर बघून माणूस सांगते. डोक्याशी पिवळं असलं तर तेल लावणारा, मध्ये विरलेली असली तर जड अंगाचा, एका कडेला चुरगळलेली असली तर नवराबायकोचं भांडण. आमची मुकादमीण हसते पण मनातून मानते, कारण एकदा मी नुसत्या चादरीवरून सांगितलं होतं की या खोलीतला पाहुणा पलंगावर बसून कलिंगड खातो, आणि तसंच निघालं. तर समोरचीने मला गॅलरीतल्या तिच्या फुलांचा फोटो पाठवला. फुलांकडे कोण बघतं. मागे माझी गॅलरी होती आणि माझ्या गॅलरीत दोरीवर पाच चादरी.

एकटा माणूस आणि पाच चादरी. मी फोटो मोठा करून बघितला. एक पांढरीस्वच्छ, ती चष्मेवाल्याची. एकीला डोक्याशी तेल. एक अशी मऊ झालेली, की तिच्यावर कुणी दिवसभर पडून असावं. एकीला पायाकडे भोक, म्हणजे अंगठ्याचं नख न कापणारा कुणी बाप्या. पाचवी लांबलचक, वरच्या काठाला ओळीने भोकं. मी फोन घेऊन तडक मुकादमिणीकडे गेले. तिला दाखवलं, तीही म्हणाली हे लॉजिंगच आहे. म्हणजे मी इथे पाहुण्यांच्या चादरी धुते आणि तो तिकडे माझ्या घरात पाहुणे ठेवतो. त्याला फोन केला आणि घरात कोण कोण आहे ते विचारलं. तर म्हणतो कसा, काळजी करू नका ताई, सगळे आपलेच आहेत. चोरसुद्धा एवढं गोड बोलत नाही. ह्यांना फोन केला तर हे तुझ्यासारखेच, रेंज जातेय.

यापुढे मी जे केलं त्यावर तू हसायचं नाहीस, कारण त्या घरावर तुझीही सही आहे. मी असा विचार केला, की त्या घराचा फार तर पाव हिस्सा माझा फिटलेला आहे, बाकी बँकेचं. मग काळजी सगळी मीच का करू, बँकेने तिच्या हिश्शाची करावी. तिच्याकडे घरं बघून येणारी पगारी माणसं आहेत. त्यांनी जाऊन लॉजिंग उठवलं तर माझं काम फुकटात होईल. म्हणून मी बँकेला फोन लावला, आवाज समोरचीसारखा नाकात काढला, आणि सांगितलं की मी एक शेजारीण आहे, नाव सांगणार नाही, पण अमक्या घरात परकी माणसं भरली आहेत, तुमचं घर धोक्यात आहे, लवकर बघा. पलीकडे एक पोरगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमचा नंबर कर्जाच्या खात्यावर आहे, तुमचं नाव माझ्यासमोर दिसतंय. तुम्ही तुमच्याच घराची तक्रार करताय. लिहून घेऊ?"

मी नको म्हणाले. पण तिने घेतली असावी, कारण त्याच आठवड्यात बँकेचा साहेब घर बघायला गेला. घरात परकं माणूस सापडलं असतं तर त्यांना सगळं कर्ज एकदम मागता आलं असतं, ते कागदात लिहिलेलंच आहे, ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. माझं घर गेलं असतं आणि मग त्यांनी तुझं दार ठोठावलं असतं. त्या दिवशी मी कलिंगडवाल्यापेक्षा वाईट डाग असलेल्या चादरी तशाच पुढे सोडल्या, मुकादमीण ओरडली तरी मला ऐकू गेलं नाही.

साहेब आत गेला तर काय बघतो. (हे सगळं समोरचीने दारात उभं राहून पाहिलं आणि मला तिखटमीठ लावून सांगितलं, मग मी ह्यांना धारेवर धरलं तेव्हा ह्यांनीही कबूल केलं.) खाली चटईवर हे, अंगात बनियन, आणि अंगठ्याचं नख तुला सांगायला नको. ओट्याशी वन्सं, डोक्याला तेल थापून भाजी चिरतात. पाचवी चादर खोलीच्या मध्ये पडद्यासारखी टांगलेली, आणि पडद्यापलीकडे कॉटवर कोण, तर आपली मावशी. खरी मावशी. वन्संच्या खोलीचं छत गळायला लागलं म्हणून वन्सं आणि हे महिनोन्‌महिने माझ्याच घरात येऊन राहिले होते. म्हणजे घरमालकच भाडेकरूकडे फुकट राहतात आणि महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडून भाडंही घेतात, असं जगात कुठे झालं नसेल. आणि मावशीचं असं, की ह्यांच्या तोंडून चष्मेवाल्याला कळलं की तिला काही दिसत नाही. तिच्या तीन मुलांना ते कितीक वर्षं माहीत होतं. हा उठला, गाडीने गेला, तिला घेऊन आला, आणि मोतीबिंदू काढून आणला. पट्टी होती तोवर ती त्याला आवाजाने ओळखायची. पट्टी सुटल्यावर तिने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली म्हणे, हा त्यातल्या त्यात बरा दिसतो.

साहेबाने एकेकाला विचारलं. ह्यांची तर बोबडी वळली. वन्संनी सुरी न ठेवता उत्तरं दिली, म्हणून साहेबाने त्यांना जास्त विचारलं नाही. मग तो मावशीकडे वळला आणि चष्मेवाल्याकडे बोट करून म्हणाला, आजी, हे कोण? मावशी म्हणाली, "हा माझा मुलगा. आणखी तिघं आहेत, ते कुणाचे आहेत ते तेवढं बँकेने शोधून काढावं."

साहेब हसला, चहा घेतला आणि उठला. जाताना त्याच्याही डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा होता असं समोरची सांगते. तिचं सगळं खरं धरू नये.

आता तू म्हणशील, मग झालं की, घर वाचलं. दादा, तू पहिल्यापासून भोळा. मला सांग, या माणसाला हवंय काय? भाडं देतो, वर माझ्या माणसांना जेवायला घालतो, माझ्या मावशीचे डोळे करतो. मी त्याला सरळ फोनवर विचारलं, की तुला यातून मिळवायचं काय आहे ते एकदा सांगून टाक, म्हणजे मी रात्रीची झोपेन.  तर म्हणाला, "ताई, आजवर पुष्कळ खोल्यांत राहिलो. सगळ्यांनी सांगितलं, पाहुणे आणायचे नाहीत, खिळे ठोकायचे नाहीत. आमचा आहेस असं सांग म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग मी सांगितलं." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि ज्याच्यापुढे मला बोलायला सुचत नाही त्याच्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. असली माणसं हळूहळू घर खातात. उद्या करार संपवून मी दारात उभी राहीन आणि आतून वन्सं विचारतील, कोण पाहिजे? म्हणून तू जा. गुडघ्याला पट्टा बांध आणि जा. त्याला नोटीस दे, पेटी आणि तक्ता जिन्यात ठेव, कुलूप बदल. ह्यांचं काही ऐकू नकोस. वन्संचं ऐकावंच लागेल, पण करू नकोस. चष्मा मात्र अजिबात घेऊ नकोस, तुझी नजर चांगली आहे, आणि एकदा घेतलास की तूही त्यांच्यातला.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद, अभ्यास करा म्हणावं, नाहीतर चादरी बघाव्या लागतील.

तुझी धाकटी

ता.क. खरं म्हणजे हे वरतीच लिहायचं होतं, त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. चहा पिऊन गेला तरी तो साहेब पक्का निघाला. त्याने शेरा मारला आहे, की नात्याची खात्री जामीनदाराकडून करून घ्यावी. म्हणजे तुझ्याकडे माणूस येईल. तेव्हा चष्मेवाल्याला आत्ताच हुसकू नकोस. आधी तो आपला मावसभाऊ आहे म्हणून सही कर, बँकेचा माणूस जाऊ दे, मग हुसक. पाय माझा मोडला होता, हेही विचारलं तर मान्य कर, तुझं काय जातंय. पत्राच्या आधी माणूस पोचला तर मला काही आठवत नाही म्हण, तुझ्या वयाला ते शोभतं.

ता.क. २. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात ह्यांचा फोन आला. चष्मेवाला जाणार आहे. मी येण्याच्या आधी घर रिकामं करून, रंग देऊन, किल्ली समोरचीकडे ठेवणार म्हणे. दुकान चांगलं चालतंय, त्याच्या वरच्याच तीन खोल्या त्याला मिळाल्या. मी म्हटलं, बरं झालं, सुटले. तर हे म्हणतात, मावशी त्याच्याबरोबर जाणार, ती म्हणते मी मुलाकडे राहीन. मावशीला बघायला कुणी हवं म्हणून वन्सं जाणार. आणि वन्सं जाणार म्हणून हेही सामान बांधतायत. बघ, मी म्हणत होते की नाही. घराला हात लावला नाही, पण माणसं बरोबर उचलली.

ता.क. ३. आता घर अख्खं माझं एकटीचं राहील. दोन खोल्या आणि नवा रंग. त्यात बसून मी कुणावर डोळा ठेवणार? तेव्हा तू जाच, पण हुसकायला नको. जरा खाकरून, तुझ्या परीने, चष्मेवाल्याला विचार की तीन खोल्यांत चार माणसं म्हणजे जागा उरतच असेल. मी परकी नाही, त्याची सख्खी मावसबहीण आहे म्हणावं. आणि नातेवाईकांकडून भाडं घेत नसतात, हेही बोलता बोलता त्याच्या कानावर घाल.